झोंबतंय म्हणायची लाज

आमच्या कोल्हापुरात बाईला "झोंबतंय काय?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "न्हाय. चालतंय की." डोळ्यांतून पाणी वाहत असलं, नाकाचा शेंडा लाल झाला असला तरी उत्तर तेच. झोंबणं हा आमच्याकडं मिरचीचा शब्द आहे, आणि मिरची झोंबली असं कबूल करायचं म्हणजे आपण बाहेरगावचे ठरायचं. पहिल्या पंगतीला "जरा झोंबतंय" म्हणालेल्या जावयाची थट्टा त्याला नातवंडं झाली तरी चालू असते. हे सगळं मला लहानपणापासून ठाऊक. तरी पापण्यांच्या कामात पडल्यावर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हाच प्रश्न विचारत राहिले आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवत राहिले.

माझं पार्लर मंगळवार पेठेत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर. निम्मं आयुष्य दोरा दातात धरून भुवया कोरण्यात गेलं. ज्या वयात बायका चष्म्याचा नंबर वाढला म्हणून सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारतात, त्या वयात मी पुण्याला जाऊन लॅश एक्स्टेंशन शिकले. वर्गात सगळ्या पोरी माझ्या लेकीच्या वयाच्या. मला आधी वाटलं, मी शिकायला आले नसून कुणाला तरी सोडायला आले, असंच त्यांना वाटत असणार. पण हात माझा स्थिर होता, तो भुवयांनी केलेला.

आणखी एक सांगून ठेवते. लिहिताना मी 'शिकले, आले' असं लिहितेय, ते दिवाळी अंकाचा मान राखून. बोलताना मी 'शिकलो, आलो' असंच बोलते. इथल्या बायका तशाच बोलतात. पुढं तसं बोलणं आलं तर ती छपाईची चूक समजू नये, आणि संपादकांनीही मेहेरबानी करून दुरुस्त करू नये.

काम कसं असतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाई पलंगावर उताणी झोपते, डोळे मिटते. खालच्या पापणीवर आम्ही जेलची पट्टी चिकटवतो, म्हणजे वरचे केस खालच्यात अडकत नाहीत. मग दोन्ही हातांत दोन चिमटे. डाव्या चिमट्यानं पापणीचा एक केस बाजूला काढायचा, उजव्या चिमट्यानं कृत्रिम केस ग्लूत टेकवून त्यावर बसवायचा. ग्लू कातडीला लागू द्यायचा नाही, केसालाच लागला पाहिजे. मग दुसरा केस. असं करत बसायचं. बाई निम्म्यात घोरायला लागते आणि माझी मान लाकूड होते.

ग्लू म्हणजे मोठी नाजूक बाब. हवेतल्या ओलाव्यानं तो वाळतो, त्यामुळं आमच्या पावसाळ्यात तो चिमट्याच्या टोकावरच वाळून बसतो. वाळताना त्याची वाफ निघते. पापणी नीट मिटलेली नसली, जराशी फट राहिली, तर ती वाफ आत जाते आणि डोळ्यांची आग होते. ही आग साधी. लगेच होते आणि जाते. छोटा पंखा लावला, पट्टी जरा खाली सरकवली, की भागतं.

दुसरा प्रकार वाईट. तो त्या दिवशी कळतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पापणी सुजते, खाज सुटते, डोळे लालभडक. म्हणजे त्या बाईच्या अंगाला ग्लू मानवत नाही. गंमत अशी की तो आधी मानवतही असतो. वर्ष, दोन वर्षं काही होत नाही आणि एक दिवस अंग म्हणतं, बास. एकदा बास म्हटलं की ते परत ऐकत नाही, प्रत्येक खेपेला सूज वाढतच जाते. म्हणून मी नव्या बाईला आधी डोळ्याच्या कडेला तीन-चारच केस लावून घरी पाठवते आणि दोन दिवसांनी बोलावते. यावरून मी किती बोलणी खाल्लीत म्हणून सांगू. एक आई तर म्हणाली, "उद्या पावणं बघायला यायचेत आणि तुम्ही पोरीला चार केस लावून घरला घालवताय. अर्धं शेत नांगरून बैल सोडतात काय?"

पण अंग बास म्हणालं हे मला कळणार कसं? बाईनं सांगितलं तर. आणि इथंच आमचं कोल्हापूर आडवं येतं. माझ्याकडं एक बाई यायच्या, त्यांचं मिरची कांडप होतं. मार्च-एप्रिलात सगळ्या पेठेची चटणी त्यांच्याकडं कुटली जाते. दिवसभर लाल धुराळ्यात बसून त्या हसतमुख. पहिल्यांदा पलंगावर झोपल्या तेव्हा मी विचारलं, "झोंबतंय काय?" त्या म्हणाल्या, "ह्येला झोंबणं म्हणत्यात व्हय? मग आमच्या कांडपावर येऊन बसा की घटकाभर." त्यांना खरंच काही झालं नाही, कधीच नाही. पण त्यांचं ते बोलणं शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाया ऐकायच्या. त्यानंतर कुणाची छाती होणार सांगायची, की बाई, मला झोंबतंय?

गिरिजा मात्र माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

गिरिजा सीमेकडची, निपाणीच्या अलीकडल्या एका गावची. घरात कानडी, शाळेत मराठी. पहिल्यांदा आली ती आईबरोबर. आधी दारात उभी राहून दोघींनी आत दुसरं कोण आहे का बघितलं. मग पोरीनं चष्मा काढला. नंबर नसलेला चष्मा होता तो. तिला कॉलेजात असताना चाई लागली होती. डोक्यावरचे केस औषधानं परत आले, पण पापण्यांवर मधेमधे मोकळ्या जागा राहिल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, संसर्ग नाही, धोका नाही, फक्त दिसायचा प्रश्न आहे. तिची आई म्हणाली, "पण दिसायचाच तर प्रश्न हाय की अक्का. लगीन जमंना झालंय."

मी नेहमीसारखी परीक्षा केली, काही झालं नाही. मग उरलेल्या केसांवर मी असं काम केलं की मोकळ्या जागा झाकल्या गेल्या. आरसा हातात दिला तेव्हा ती पोरगी स्वतःकडं बघायच्या आधी आईकडं बघायला लागली. आईनं मान हलवली, मग तिनं आरशात बघितलं. माझ्या कामाचा मला अभिमान आहे, तो अशा वेळी जास्तच वाटतो. चष्मा ती माझ्याकडंच विसरून गेली आणि परत न्यायला आली नाही.

लग्न जमलं. कसबा बावड्याचं घर, त्यांच्यातलंच, लिंगायत, पण बोलणं सगळं मराठी. नवरा बसवराज, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. सासरे नव्हते, सासू होती. गिरिजा आता दर पंधरवड्याला यायची, पडलेले केस भरून घ्यायला. घरी सांगायची, भुवया करायला चाललोय.

मी एकदा विचारलं होतं, "नवऱ्याला तर सांगितलंयस न्हवं?"

"न्हाय अक्का. कसं सांगू? लग्नाआधी सांगायचं हुतं, तवा आईनं सांगू दिलं न्हाई. आता सांगितलं तर फसवलं म्हणतील."

"लई वाईट हाय काय गं तो?"

"वाईट असता तर सांगून टाकलं असतं," ती म्हणाली. हे मला त्या वेळी नीटसं कळलं नव्हतं.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा तिच्या पापण्यांच्या कडा मला जरा जाड वाटायला लागल्या. मी विचारलं, "दुसऱ्या दिवशी झोंबतंय काय?" ती म्हणाली, "न्हाय. चालतंय की." तरी मी सौम्य ग्लू आणला, पंखा वाढवला, पट्ट्या बदलल्या. पुढच्या खेपेला परत विचारलं, परत तेच उत्तर. बारीक हसायची, वर मलाच म्हणायची, "तुम्ही लई काळजी करताय बघा."

मग एक दिवस काम झाल्यावर ती पलंगावर उठून बसली होती आणि मी मागं हात धूत होते. तिच्या आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग ती हळूच म्हणाली, "अव्वा, कण्ण भाळ उरीतैती."

तिला काय ठाऊक, माझं आजोळ गडहिंग्लजच्या खाली, आजीला मराठीचा एक शब्द यायचा नाही आणि माझी प्रत्येक सुट्टी तिच्या परड्यात गेलेली. 'आई, डोळ्यांची लई आग होतीया,' असं म्हणाली होती ती. मराठीत तिनं ते मला एकदाही सांगितलं नव्हतं. आईजवळ, स्वतःच्या बोलीत मात्र निघालं.

मी हात पुसत पुढं आले आणि म्हटलं, "एष्ट दिन आत, गिरिजा?" किती दिवस झाले?

तिनं फोन उलटा ठेवला. आधी लाजली, मग चिडली. "तुम्हाला कानडी येतं व्हय? सांगायचं न्हाई काय आधी?"

"तू मराठीत सांगितलं असतंस तर कशाला लागलं असतं कानडी? किती दिवस झाले ते सांग."

गणपतीच्या आधीपासून, ती म्हणाली. म्हणजे चार-पाच महिने प्रत्येक खेपेला दुसऱ्या दिवशी सूज येत होती आणि प्रत्येक खेपेला आधीपेक्षा जास्त. मला राग आला. तिचा आला, त्याहून माझा आला. चार-पाच महिने मी 'झोंबतंय काय' विचारत होते, जणू काय ती रस्सा जेवायला बसली होती. मी म्हटलं, "आता मी तुला लावणार न्हाई. ह्ये सगळं काढायचं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं."

"काढायचं न्हाई."

"गिरिजा, डोळे हायत ते."

"मला ठाऊक हाय डोळे हायत. अक्का, तुम्ही न्हाई लावलं तर मी दुसरीकडं जातो." आणि ती चप्पल पायात घालून जिना उतरून गेली. मी कठड्यापर्यंत गेले, हाक मारली, तिनं वळून बघितलं नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक रागावून जाणं काही नवीन नाही, पण ही पोरगी कुठं जाईल आणि तिथं तिच्या डोळ्याला काय लावतील, ह्या विचारानं मला रात्री जेवण गोड लागलं नाही.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. दुपारची वेळ, पार्लर रिकामं. जिन्यावर जड पावलं वाजली आणि काठापदराचं लुगडं नेसलेली एक दणकट बाई धापा टाकत आत आली. कपाळावर भस्माचा पट्टा, गळ्यात लिंग. सरळ केस कापायच्या खुर्चीत बसली आणि आरशातून माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हटलं, "या मावशी. काय करायचं?"

"माझ्या थोबाडाला आता काय करायचं राह्यलंय? बोलायला आलोय मी. गिरिजाची सासू."

वाटलं, हिला कळलं. आता ही माझी पेठेत शोभा करणार. मी पाणी दिलं. त्यांनी एका दमात पेला रिकामा केला आणि म्हणाल्या, "मला खरं सांगा बाई. माझा पोरगा तिला काय करतोय?"

मला कळेचना. "कोण काय करतंय मावशी?"

"बस्या. मारतोय काय तिला? का बाहेर कुठं काय हाय त्येचं? पोरगी रडतीया हो. दर पंधरा दिवसांनी डोळे सुजून टम्म. विचारलं तर म्हणती, कायतरी गेलंय डोळ्यात. रोज रोज काय जातंय डोळ्यात? आमचं घर काय खडी क्रशर हाय? आणि मी ध्यान ठेवलंय. तुमच्याकडनं आली की दुसऱ्या दिवशी सुजत्यात. म्हणजे तुमच्यापाशी मन मोकळं करती, रडती, आणि घरी येऊन आमच्यासमोर हसती. तुम्हाला सगळं सांगत असंल. म्हणून आलोय."

बाईचा हिशेब किती सरळ होता. सुजलेले डोळे म्हणजे रडलेले डोळे. ज्या घरात सून सुखात आहे असं वाटत होतं तिथं सून चोरून रडतेय, आणि कारण आपला मुलगाच असणार. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच मानलं असतं.

"त्याला विचारलं न्हाई तुम्ही?"

"विचारलं? चांगला झाडला की. खाली मान घालून गप बसला. गप बसला म्हणजे केलंय कायतरी. मामाला बोलावून त्येच्या तोंडून झाडला, तरी गप. मग त्येला बाहेरच्या सोप्यात घातलाय झोपायला. पोरीला माझ्यापाशी घेतो रात्रीची. माझा नवरा असाच हुता बाई. बाहेर गोड, घरात लाथा. माझ्या सासूला समदं दिसायचं आणि ती दळण निवडत बसायची. मी तशी सासू व्हायची न्हाई, हे मी तवाच ठरिवलं हुतं."

हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला. कोल्हापूरची बाई आवाज खाली आणते तेव्हा समजावं की फार आत लागलंय.

"परवापास्नं तर डोळे उघडंनात तिचे, इतकी सूज हाय. आता मी ठरिवलंय. अमावास्या झाली की तिच्या आई-बापाला बोलावून घेतो आणि सांगतो, घेऊन जा पोरगीला. माझ्या पोराच्या हातात आणिक एक जीव कुजवायचा न्हाई."

माझ्या तोंडावर आलं होतं की मावशी, ती रडत नाही, तो ग्लू आहे. पण ते सांगितलं तर पुढचं सगळंच सांगावं लागणार, आणि ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. पार्लरमध्ये बायका चेहऱ्यावरचं सगळं उतरवून बसतात. त्यांचे पिकलेले केस, हनुवटीवरचे केस, पोटावरचे टाके, सगळं आम्ही बघतो. ते जिन्याखाली गेलं की आमचा धंदा संपला, आणि नुसता धंदाच नाही. मी एवढंच म्हटलं, "मावशी, तुमचा पोरगा तिला त्रास देत न्हाई. माझ्या लेकीची शपथ. पण बाकीचं तिच्याच तोंडून ऐका. मला एक दिवस द्या."

त्या खुर्चीतून उठल्या, पदर खोचला. मग म्हणाल्या, "एक दिवस दिला," आणि कठडा धरून जिना उतरल्या.

मी लगेच गिरिजाला फोन लावला. आली. ओढणीनं निम्मं तोंड झाकलेलं. ओढणी काढली तेव्हा मला बघवेना. पापण्या फुगून बोंडासारख्या झाल्या होत्या, कडेनं पाणी गळत होतं. माझ्याकडून गेल्यावर ती दुसऱ्या एका ठिकाणी गेली होती. तिथं कुणी काही विचारलं नव्हतं. मी आधी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्यांनी थेंब दिले, गोळ्या दिल्या, आणि बजावून सांगितलं की सूज उतरली की हे काढून टाका आणि पुन्हा आयुष्यात लावू नका.

दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून मी तिला सासूचं सगळं सांगितलं. सोप्यात झोपायला घातलेला नवरा तिला ठाऊक होता, पण कारण ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, मायलेकांचं काहीतरी शेताच्या वाटणीवरून बिनसलंय. मामाला बोलावल्याचं तर तिला माहीतच नव्हतं. आणि तिच्या आई-बापाला बोलावणार हेही नाही.

"माझ्यापायी त्येला बोलणी बसली?" ती म्हणाली.

"बसली. आणि आता तुला माहेरी पाठवणार हायत, तुझं भलं व्हावं म्हणून. तुझी सासू वाईट न्हाई गिरिजा. लई चांगली हाय, म्हणूनच घर मोडंल."

तिनं ओढणीचं टोक पिळलं. सासूला ती कानडीतलं 'अत्ती' म्हणायची. मग म्हणाली, "अत्तींना तुमच्याकडंच घेऊन येतो. घरात न्हाई सांगता यायचं मला. तुम्ही काढत असताना डोळे मिटलेले असतील, तवा सांगतो."

सूज उतरायला आठवडा गेला. तोवर मी मावशींना फोनवर थोपवून धरलं, कसं ते माझं मला ठाऊक. मग एका सकाळी सासू-सुना आल्या. बसवराज दोघींना गाडीवरून सोडायला आला होता, तो खालीच भांड्यांच्या दुकानापाशी थांबला.

गिरिजा पलंगावर झोपली, डोळे मिटले. मी पट्ट्या लावल्या. ग्लू सोडवायची एक मलई असते, ती केसांवर लावून थोडा वेळ थांबायचं, मग चिमट्यानं केस अलगद निघून येतात. मावशी शेजारी स्टुलावर बसल्या. मी मलई लावली आणि गिरिजा बोलायला लागली. चाई, औषधं, आईनं सांगू न देणं, लग्न, पंधरवड्याचं येणं, सूज. सगळं डोळे मिटून, वर छताकडं तोंड करून. मी केस काढत होते आणि ती बोलत होती. एकदाही थांबली नाही. शेवटी म्हणाली, "अत्ती, त्येंनी मला कधी एक शब्द वाकडा बोलला न्हाई. मी रडलो न्हाई तुमच्या घरात. एकदाबी न्हाई."

मी कापसानं शेवटची मलई पुसली. "झालं गिरिजा. उघड डोळे."

तिनं उघडले नाहीत. पापण्या बोडक्या, गुलाबी, मधेमधे तुरळक केस. तान्ह्या पोराच्या असतात तशा दिसत होत्या. मावशींनी वाकून बघितलं. आधी लांबून, मग जवळून. बोटानं एक पापणी हळूच चाचपली. मग उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि रस्त्यावर ऐकू जाईल असा आवाज टाकला, "बस्या. वर ये."

गिरिजा उठून बसायला लागली, डोळे मिटलेलेच. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बसवराज आला. उंच, सावळा, हातांना ऑइलचे डाग. बायकांच्या पार्लरमध्ये काय करावं हे न कळून दारातच उभा राहिला.

मावशी म्हणाल्या, "बघ बायकोकडं. ह्ये तुला ठाऊक हुतं काय?"

त्यानं बघितलं. मग खाली बघितलं. "व्हय."

"कवापासनं?"

"लग्न झाल्यावर आठ-पंधरा दिवसांतच. उशीवर घावायच्या की पापण्या."

"आरं मग?" मावशींचा आवाज फाटला. "मी तुला काय काय बोललो. मामासमोर बापासारखा हाईस म्हणालो. सोप्यात झोपिवला. एक शब्द बोलला न्हाईस? सांगायचं न्हाई की ग्लूनं सुजतंय म्हणून?"

तो चप्पल जमिनीवर घासत उभा राहिला. "तिनं मला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "तिनंच मला सांगितलं न्हाई, तर मी तुला कसं सांगू?"

गिरिजानं डोळे उघडले. त्याच्याकडं बघितलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी सुटलं. अडवायला पापण्यांवर केस होतेच कुठं, सरळ गालांवर येत होतं. मावशी घाबरल्या, माझ्याकडं वळल्या.

"ह्ये त्या औषधाचं पाणी काय बाई?"

"न्हाई मावशी," मी म्हटलं. "ह्ये तिचं."

"मग येऊ दे," त्या म्हणाल्या, आणि स्टूल ओढून परत तिच्याजवळ बसल्या.